अळीची ‘जात’ कोणी ठरवायची?

२०१९ सालचा पावसाळा. वर्षावासाचे दिवस होते. राहुरी तालुक्यातील एका खेड्याच्या विहारात रविवारची वंदना झाली, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे त्या दिवशीचे वाचन संपले आणि चहाची किटली आत आली. उपासक-उपासिका उठू लागल्या तेवढ्यात मागच्या रांगेतील एका अक्कांनी पिशवीतून मक्याचा पोंगा काढला आणि आमच्यापुढे ठेवला. पानांची चाळण झाली होती. आत लाकडाच्या भुशासारखी ओली घाण साचली होती आणि तिच्याखाली एक तपकिरी अळी दडून बसली होती.

“भाऊ, तुम्ही हापिसात रोज कागद वाचता. ही अळी कोन्ती ते सांगा. तीन डाव फवारलं. अळी हाय तिथंच हाये, माझं मात्र डोकं गरगरायला लागलं.”

आम्हांस काय ठाऊक? आम्ही हिशेबाच्या वह्या लिहिणारी माणसे. पण त्याच गावचा एक तरुण राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकत होता आणि सुटीसाठी घरी आला होता. त्याने काडीने अळी बाहेर काढली, उजेडात धरली आणि म्हणाला, “अक्का, ही अमेरिकन लष्करी अळी. हिच्यात दोन जाती आहेत. एक भाताची आणि एक मक्याची. आपल्याकडची भाताची निघाली म्हणतात, डीएनए तपासून.”

क्षणभर सगळे गप्प. मग कोपऱ्यातले एक वयोवृद्ध बाबा म्हणाले, “म्हंजे अळीलाबी जात? अन् तिचाबी दाखला काढला म्हना की!” सगळा विहार हसला. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “भाताची हाये तर मग माझ्या मक्यात काय करती?”

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. पुढे आम्ही वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, नेमका हाच प्रश्न त्या सुमारास देशोदेशींच्या कीटकशास्त्रज्ञांपुढेही उभा होता. त्याचे उत्तर कसे मिळाले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, ते आपल्या कुटुंबातील सर्वांना कळावे म्हणून हा लेख. शास्त्रज्ञ ज्याला ‘स्ट्रेन’ म्हणतात त्याला आम्ही या लेखात ‘गट’ म्हणणार आहोत. ‘जात’ म्हणणार नाही. का, ते शेवटी सांगू.

ही आली कुठून?

आपल्याकडे ‘लष्करी अळी’ हे नाव नवे नाही. ज्वारी-बाजरीवर झुंडीने चालून येणारी देशी लष्करी अळी आपल्या आज्या-पणज्यांनीही पाहिलेली आहे. ही नवी अळी निराळी. तिचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. तिचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. १७९७ साली तिला शास्त्रीय नाव मिळाले, म्हणजे तिकडे ती सव्वादोनशे वर्षांपासून विद्वानांच्या ओळखीची आहे. २०१६ साली ती पश्चिम आफ्रिकेत आढळली आणि बघता बघता आफ्रिका खंडभर पसरली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा येथे ती मक्यावर सापडली. भारतातील ही तिची पहिली नोंद. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता ती सोलापूर जिल्ह्यात मक्यावर आली, पुढे महाराष्ट्रात उसावरही दिसली. २०१९ च्या खरिपात तर राज्यात मका लावणाऱ्या कुणालाही तिची ओळख करून देण्याची गरज उरली नाही.

इतक्या वेगाने ती कशी पसरली? तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. एक मादी आयुष्यात हजारावर अंडी घालते आणि अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा उष्ण हवेत महिना-सव्वा महिन्यात पुरा होतो. शिवाय खाण्याच्या बाबतीत तिला फारसा विधिनिषेध नाही. जगात साडेतीनशेहून अधिक वनस्पतींवर तिची नोंद झालेली आहे. आणि आपला जिल्हा म्हणजे दुधाचा जिल्हा. राहाता, संगमनेर, कोपरगाव, राहुरी या भागांत मुरघासासाठी मका जवळजवळ बारमाही उभा असतो. म्हणजे अळीचे ताट कधी रिकामेच होत नाही.

ओळखायची कशी? डोक्यावर इंग्रजी ‘वाय’ हे अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या वळ्यावर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. मोठ्या अळीवर या खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पोराबाळांनाही त्या शिकवता येतात.

दिसायला एक, वागायला दोन

आता अक्कांच्या प्रश्नाकडे वळू. १९८६ साली डोरोथी पॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्युर्टो रिको या बेटावर भातावरच्या आणि मक्यावरच्या अळ्या गोळा करून त्यांनी त्यांच्या शरीरातील प्रथिने तपासली होती. डोळ्यांना या अळ्या सारख्याच दिसत होत्या. भिंगाखाली धरल्या तरी फरक नव्हता. परंतु आतील प्रथिने मात्र दोन निरनिराळ्या गटांची साक्ष देत होती. एका गटाला ‘भाताचा’ आणि दुसऱ्याला ‘मक्याचा’ असे नाव पडले. भाताचा गट भात आणि चाऱ्याची गवते यांवर अधिक सापडे, मक्याचा गट मका, ज्वारी, कापूस यांवर. पुढे असेही दिसून आले की दोन्ही गटांच्या पतंगांची मीलनाची वेळ वेगळी असते. मक्याचा गट रात्रीच्या पूर्वार्धात, तर भाताचा गट उत्तररात्री. मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते त्याच्या मिश्रणातही थोडा फरक असतो. तरीही दोन गटांत संकर अगदीच होत नाही असे नाही. तो होतो.

मग शास्त्रज्ञांनी प्रथिनांच्या पुढे जाऊन थेट डीएनएमध्ये खुणा शोधल्या. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीत असलेली चार अक्षरांची लांबलचक लिपी. अळीची असो, मक्याची असो की आपली असो, लिपी तीच, मजकूर वेगळा. या मजकुरात एखाद्या ठराविक जागी एका गटात एक अक्षर आणि दुसऱ्या गटात दुसरे अक्षर असेल, तर ती जागा झाली जनुकीय खूण, म्हणजेच मार्कर. अळीचा लहानसा तुकडा घेतात, त्यातून डीएनए वेगळा काढतात, पाहिजे त्या जागेच्या लाखो नकला यंत्रावर तयार करतात. मग एन्झाइमची कात्री लावतात. ही कात्री चमत्कारिक असते. ठराविक अक्षरे ठराविक क्रमाने दिसली तरच कापते, नाहीतर कापत नाही. एका कात्रीने मक्याच्या गटाच्या नकलेचे दोन तुकडे होतात, भाताच्या गटाची नक्कल अखंड राहते. विजेच्या प्रवाहावर हे तुकडे सरकवले की पट्ट्या उमटतात. दोन पट्ट्या की एक, यावरून गट कळतो. आज तर पूर्ण मजकूरच अक्षर-अक्षर वाचता येतो.

आईची खूण आणि बापाची खूण

सर्वांत अधिक वापरली गेलेली खूण पेशीतील तंतुकणिकांमध्ये आहे. तंतुकणिका म्हणजे पेशीची ऊर्जाघरे, त्यांना स्वतःचा छोटासा वेगळा डीएनए असतो. तो संततीला फक्त आईकडून मिळतो. अळीत तसे आणि माणसांतही तसेच. २०१८ साली बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्था आणि कर्नाटकातील इतर शास्त्रज्ञांनी भारतातील अळ्यांची ही आईकडची खूण तपासली. निष्कर्ष निघाला, आपल्याकडे भाताचा गट प्रबळ आहे. तो तरुण विहारात जे सांगत होता ते याच संशोधनाचे सार होते. त्याचे चुकले नव्हते.

हे ऐकून कुणाच्याही पोटात गोळा यावा. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात भंडारदरा-राजूरच्या पट्ट्यात आदिवासी बांधव पावसाच्या पाण्यावर भात पिकवतात. वर्षाची चूल त्या भातावर पेटते. भाताचा गट आला असेल तर पहिला घाला त्यांच्यावर पडणार, असाच अर्थ कोणीही काढील. पण शेतात काय दिसत होते? अळी मक्यातच होती. थोडी ज्वारीवर, थोडी उसावर, इतर पिकांवरही कुठे कुठे नोंद झाली, पण तिचे मुख्य बिऱ्हाड मकाच. नमुने गोळा केले गेले तेही बहुतांश मक्यावरून. दाखला भाताचा आणि मुक्काम मक्यात!

हे कोडे सोडवायला दुसरी खूण कामी आली. तिचे नाव टीपीआय, आणि ती झेड नावाच्या गुणसूत्रावर असते. फुलपाखरे आणि पतंग यांच्यात आपल्यापेक्षा उलटा हिशेब आहे. तिथे नराला दोन झेड असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. मादीला झेड एकच, तोही बापाकडून. म्हणजे एकाच मादीत आईची खूणही वाचता येते आणि बापाची खूणही. अमेरिकेतील रॉड नागोशी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांनी २०१९ साली दक्षिण आफ्रिका आणि भारत येथील नमुन्यांच्या दोन्ही खुणा एकत्र पडताळल्या. आईकडची खूण पुष्कळ अळ्यांमध्ये भाताची होती, पण झेडवरची खूण जवळजवळ सर्वत्र मक्याची निघाली. एकाच अळीत दोन साक्षी, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध.

याचा अर्थ काय? आपल्या घरातले उदाहरण घेऊ. समजा आजीची पाटली लेकीकडे आली, लेकीकडून नातीकडे, नातीकडून पणतीकडे. पणतीच्या हातातील पाटली पाहून तिच्या पणजीच्या माहेरचा सोनार ओळखता येईल. परंतु आज पणतीच्या चुलीवर काय शिजते ते पाटली सांगणार नाही. मागे कधीतरी भाताच्या गटाची मादी आणि मक्याच्या गटाचा नर यांचा संकर झाला. तिच्या लेकींचा पुन्हा पुन्हा मक्याच्या गटाशी संबंध आला. आईकडची खूण पाटलीसारखी पिढ्यान्पिढ्या तशीच चालत राहिली, बाकीचा बहुतेक मजकूर मक्याचा झाला. अक्कांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. त्यांच्या मक्यातील अळी नावाने भाताची, अंगाने मिश्र आणि खाण्याने मक्याची.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, आम्हांस यात एक ओळखीची गोष्ट दिसली. वारसाची नोंद करताना एकाच कागदावर कोणी विसंबत नाही. जुना फेरफार बघतात, सातबारा बघतात, प्रत्यक्ष वहिवाट कोणाची ते बघतात. कागद आणि वहिवाट जुळत नसेल तर चौकशी लागते. शास्त्रज्ञांनी तेच केले. पहिल्या कागदाला त्यांनी खोटा म्हटले नाही, पण तो अपुरा आहे हे ओळखले आणि दुसरा कागद मागवला. आपलाच पहिला निष्कर्ष पुन्हा तपासायला काढणे, यातच विज्ञानाचे मोठेपण आहे.

पुढे अळीच्या संपूर्ण डीएनएचे वाचन झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात दिसले की, ही अळी जुन्या जगात एकदाच येऊन पसरली असे सरळ चित्र नाही. ती वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी आली असावी. म्हणजे ‘एक टोळी आली आणि चालत चालत इथवर पोहोचली’ ही पहिली समजूतही पुन्हा तपासावी लागली.

मग या तपासणीचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, हे सगळे प्रयोगशाळेतील कौतुक. वीस गुंठ्यांच्या मालकिणीला त्याचे काय? उपयोग आहे, आणि तो चार प्रकारचा आहे.

पहिला, ओळख पटविण्याचा. अंडी किंवा नुकतीच निघालेली बारीक अळी डोळ्यांनी नीट ओळखता येत नाही. देशी लष्करी अळी, तंबाखूवरील पाने खाणारी अळी आणि ही, यांत गल्लत होते. डीएनएची खूण अंड्यातूनही ओळख देते.

दुसरा, वाट शोधण्याचा. कीड कुठून आणि किती वेळा आली हे कळले, तर बंदरावर आणि विमानतळावर कशाची तपासणी कडक करायची ते ठरते. एकदा येऊन गेलेली कीड पुन्हा येते तेव्हा आपल्याबरोबर नवे गुण घेऊन येऊ शकते.

तिसरा, औषधाचा. हा सर्वांत महत्त्वाचा. आफ्रिका-आशियातील नमुन्यांत असे जनुकीय बदल सापडले आहेत की, ज्यांच्यामुळे ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या जुन्या गटांतील औषधांचा अळीवरील परिणाम कमी होतो. म्हणजे ती येतानाच या विषांची सवय अंगात घेऊन आली. अक्कांना दुकानदाराने दिलेली पहिली बाटली अशाच जुन्या गटातील होती. अळी मेली नाही म्हणून दुसऱ्यांदा फवारले, तिसऱ्यांदा मात्रा वाढवून फवारले. अळीला थोडे आणि अक्कांना जास्त बाधले.

चौथा, सापळ्याचा. गटागटांच्या गंधात फरक असतो. तेव्हा कामगंध सापळ्यात कोणती गंधगोळी चालेल हे ठरवताना आपल्याकडील अळी कोणत्या वळणाची आहे ते ठाऊक असणे बरे.

अक्कांच्या वीस गुंठ्यांत

अक्कांची जमीन म्हणजे सासऱ्यांच्या वाट्याला आलेला हाडोळ्याचा तुकडा. त्यावर चाऱ्याचा मका, मक्यावर दोन गाई, गाईंवर घर. हाडोळा म्हटले की आम्हांस याच जिल्ह्यातील हरेगाव आठवते. डिसेंबर १९३९ मध्ये तेथे भरलेल्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी वतनदार महार-मांगांच्या पिळवणुकीचा प्रश्न मांडला होता. तुकडाभर जमिनीच्या मोबदल्यात गावाने रात्रंदिवस राबवून घ्यायचे, असा तो व्यवहार होता. १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली, वेठ गेली, पण तुकडा तुकडाच राहिला. जमिनीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९१८ सालीच प्रबंध लिहिला होता आणि नुसत्या आकाराने शेती फायद्याची की तोट्याची ते ठरत नाही, भांडवल आणि साधने किती आहेत त्यावर ते ठरते, असे दाखवून दिले होते. आज ज्ञान हेदेखील एक साधन आहे. मोठ्या बागायतदाराचा एक एकर मका गेला तर त्याला खोट बसते. अक्कांचा वीस गुंठे गेला तर गाय विकावी लागते.

म्हणून आमच्या माता-भगिनींसाठी पुढील गोष्टी थोडक्यात सांगतो. कृषी सहायक आणि कृषी विज्ञान केंद्रे हेच सांगत असतात. आपल्या जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे अशी केंद्रे आहेत, तेथे जाऊन विचारण्यास संकोच करू नये.

मका उगवल्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात फेरी मारावी. पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंज असतो, त्यावर करड्या लोकरीसारखे आवरण असते. तो तिथेच चिरडावा. एका पुंजाला बोट लावले की शंभर अळ्यांची फवारणी वाचली. हे काम घरातील मुलेसुद्धा शाळेत जाण्यापूर्वी करू शकतात, पण ज्या शेतात विष फवारले आहे तेथे मुलांना पाठवू नये.

कोवळ्या अळ्या असताना पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी पाच किलो निंबोळीची पूड शंभर लिटर पाण्याला लागते. निंबोळ्या आपल्याच बांधावर पडतात, उन्हाळ्यात गोळा करून वाळवून ठेवल्या तर दुकानात जाण्याची पाळी येत नाही. पोंग्यात बारीक वाळू किंवा माती टाकण्याची जुनी रीतही उपयोगी आहे. एकरी पाच कामगंध सापळे लावल्यास पतंग कधी येऊ लागले ते कळते. ट्रायकोग्रामा नावाची अगदी बारीक गांधीलमाशी अळीच्या अंड्यात आपली अंडी घालते. तिची कार्डे मिळतात, ती पानाला टाचून द्यावीत. मेटारायझियमसारख्या मित्रबुरशीही आहेत.

अळी मोठी झाली की पोंग्यात खोल शिरते आणि स्वतःच्या विष्ठेचे बूच लावून घेते. मग वरून कितीही फवारा, औषध पोहोचत नाही. अक्कांच्या तीन फवारण्या वाया गेल्या त्याचे हे दुसरे कारण. रासायनिक औषध घेणे भागच पडले तर कृषी सहायकाला विचारून, मक्यावरील या अळीसाठी शिफारस असलेलेच घ्यावे, लेबलवरील मात्रेनेच घ्यावे, आणि सकाळी किंवा संध्याकाळी पोंग्यात पडेल असे फवारावे. एकच औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. दोन-तीन औषधांची खिचडी तर मुळीच करू नये. मका चाऱ्यासाठी असेल तर रासायनिक फवारणी शक्यतो टाळावीच. गाईच्या पोटात गेलेले दुधात उतरू शकते, आणि ते दूध आपलेच लेकरू पिते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. पाठीवर पंप घेणारे हात बहुधा मजुराचे असतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको. आपल्या वस्तीतील तरुण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणीला जातात. त्यांच्या आया-बहिणींनी एवढे पाहावे : तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणी नाही, पंपाची नोझल तोंडाने फुंकणे नाही. काम संपल्यावर साबणाने आंघोळ केल्याशिवाय भाकरीला हात नाही. डोके गरगरले, मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उन्हाचा त्रास समजून झोपू नये. बाटलीचे लेबल बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा. मालकाने साहित्य दिले नाही तर काम नाकारण्याचे बळ एकट्याला येत नाही, दहा जण मिळून नाकारले तर येते.

‘जात’ या शब्दाविषयी

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. विहारातील बाबा विनोदाने बोलले, पण त्यांच्या विनोदाला धार होती. ज्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या जन्मावरून किंमत ठरविल्याचे सोसले, त्यांना ‘जात’ हा शब्द अळीबद्दल ऐकतानाही टोचतो. माणसाची तुलना किडीशी करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. तसली तुलना आमच्या लोकांनी फार ऐकली आहे. उलट, फरक काय आहे तेच सांगायचे आहे. या अळीच्या दोन गटांत डीएनएमध्ये खरोखरच ओळखता येणाऱ्या खुणा आहेत. माणसांच्या जातींचे तसे नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या प्रबंधात दाखवून दिले की, पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चांभार यांचा वंश एकच आहे, जात हा वंशाचा विभाग नसून एकाच वंशाच्या लोकांचा केलेला सामाजिक विभाग आहे. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील १९४८ च्या ग्रंथातही त्यांनी मानववंशशास्त्रातील मोजमापे घेऊन, अस्पृश्य निराळ्या वंशाचे हा समज खोडून काढला. त्या काळी डीएनएची लिपी कोणी वाचलेली नव्हती. तरीही हाताशी असलेला पुरावा तपासून त्यांनी निष्कर्ष काढला. म्हणून शास्त्रीय गटाला ‘जात’ म्हणू नये आणि जातीला शास्त्रीय समजू नये, असे आम्हांस वाटते.

आणि गंमत पाहा. जिथे खुणा खऱ्या आहेत त्या अळीच्या बाबतीतसुद्धा जन्माची एक खूण पाहून ती काय खाईल हे सांगता आले नाही! एक नोंद पाहून भविष्य सांगणाऱ्यांना एका मादी पतंगाने खोटे पाडले. मग माणसाच्या जन्माची नोंद पाहून त्याची बुद्धी, त्याचे काम आणि त्याची जागा ठरविणाऱ्यांविषयी काय बोलावे?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, अनुभवाच्या कसोटीवर पारखून घ्या. अक्कांनी विहारात नेमके तेच केले होते. विद्यापीठात शिकणारा मुलगा सांगतो, शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून सांगितले, तरी त्या डोळ्यांनी पाहत होत्या ते सोडून द्यायला तयार नव्हत्या. आणि शास्त्रज्ञही त्याच प्रश्नापाशी थांबले, उत्तर बदलायला लाजले नाहीत. अक्का शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र प्रयोगशाळेच्या तोडीचा होता. असा प्रश्न विचारणाऱ्या घरातील मुली उद्या त्या प्रयोगशाळेत जायला हव्यात. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या महात्मा फुले यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात राहुरीला आहे. आपल्या मुलामुलींनी तेथे केवळ नोकरीच्या आशेने नव्हे, तर कीटकशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकून संशोधनासाठीही जावे. आपल्या बांधावरचा प्रश्न दुसऱ्याने सोडवण्याची वाट किती दिवस पाहायची?

त्या हंगामात अक्कांचा निम्मा मका गेला. गाय मात्र विकावी लागली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पेरणीनंतर पंधरा दिवसांपासूनच रोज सकाळी ओळी धरून फिरायला सुरुवात केली, शेजारच्या दोघी-तिघींनाही बरोबर घेतले. निंबोळ्यांचे पोते त्यांच्या ओसरीवर असते. पाठीवरचा पंप खुंटीला आहे.

अलीकडे त्या विहारात भेटल्या तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने आईची खूण, बापाची खूण, संकर असे सगळे त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग कोपऱ्यातल्या बाबांकडे पाहून म्हणाल्या, “दाखल्यावर काय लिवलंय ते ऱ्हाऊ द्या, भाऊ. आधी पोंगा उघडून बघा.”

जयभीम.